खाली ठेवलेली सुई

मी भित्री आहे. हे आमच्या घराला माहीत आहे, गल्लीला माहीत आहे आणि आता जवळा बाजारलाही कळलं आहे. पाल दिसली की मी ओरडते. गॅस गळत नसला तरी मला वास येतो. नवऱ्याला यायला उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे आडवा झालेला ट्रक उभा राहतो. माझा नवरा शिवहार वसमतला हळदीच्या अडतीवर कामाला जातो. तो सगळ्यांना सांगतो, "हिला भ्यायला कारण लागत न्हाई, कारणच हिला हुडकत येतं." लोक हसतात. मीही हसते, कारण त्या वेळी हसलं नाही तर रडू येईल.

म्हणूनच लेकराच्या गोधडीत सुई राहिली आहे असं मी म्हणाले, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. एक माणूस सोडून. आणि त्या माणसानं मनावर घेतलं, याचीच मला जास्त भीती वाटली.

गोधडी शिकायचं निघालं ते माझ्या नणंदेमुळे. अंजलीताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे शिरड शहापूरला आल्या होत्या. मुलगी झाली. बारशाला राधिका नाव ठेवलं. ताईंचं सासर जवळा बाजारचं. सव्वा महिना झाला की लेकरू घेऊन सासरी जायचं, आणि जाताना लेकराबरोबर आजोळची गोधडी द्यायची, ही आमच्या घरची रीत. माझ्या सासूबाई, अनुसयाबाई, यांना मी मामी म्हणते. मामींची बोटं आता दुखतात. त्या म्हणाल्या, "एकटीच्यानं व्हायचं न्हाई. प्रियंका, तू बस माझ्यासंगं."

मी हिंगोलीच्या गल्लीत वाढलेली. शर्टाचं बटण लावायचं तरी आमच्याकडे शेजारच्या टेलरकडे जायचे. पण बसले.

मामींनी माळ्यावरचं चिंध्यांचं गाठोडं सोडलं. त्यात काय नव्हतं! ताईंचा लहानपणीचा लाल फ्रॉक, शिवहारच्या शाळेची खाकी पँट, मामींच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ. मामींनी खाली जुनं मऊ लुगडं अंथरलं, त्यावर सासऱ्यांच्या, मसाजीमामांच्या, धोतराचे थर घातले. "धोतर पोटात घालायचं. लेकराला मऊ लागतं, अन् आज्याचा वासबी ऱ्हातो," त्या म्हणाल्या. मामा दारात बसून शेळीच्या पायातला काटा काढत होते. ते नुसतेच लाजले. वर मग रंगीत तुकडे मांडायचे. अगदी मध्यभागी मामींनी माझ्या कॉलेजच्या ओढणीचा पोपटी तुकडा ठेवला. मला फार बरं वाटलं.

शिवायचं कडेपासून. कडेनं एक वेढा घालायचा, मग बोटभर आत दुसरा, असं फिरत फिरत मध्यावर यायचं. मधून सुरुवात केली की कापड बाहेर पळतं आणि गोधडीला पोट सुटतं. टाका तांदळाएवढा पाहिजे. माझा हरभऱ्याएवढा पडायचा. मामी चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "असू दे. हरभरा तर हरभरा. लेकराला टाका टोचत न्हाई."

शिवायला सुई एकच. मामींच्या आईची, लांब, मोठ्या नाकाची. बाकीच्या सुया एवढ्या थरांतून जात नव्हत्या, वाकायच्या. म्हणून एक वेढा त्या घालायच्या, एक मी. आणि सुई एकीकडून दुसरीकडे जाताना पाळायचा नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला. सुई हातात द्यायची नाही. हातोहात दिली की त्या दोघींत भांडण लागतं. आपण खाली ठेवायची, दुसरीनं उचलायची.

आमच्या घरात हे सगळं काटेकोर चालतं. मिरची हातात देत नाहीत, मीठ हातावर वाढत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मामींचं आणि माझं एकदाही वाजलेलं नव्हतं, आणि गल्लीत त्याचं मोठं कौतुक होतं. मामी म्हणायच्या, "आमी बराबर पाळतो म्हणून." माझं मत वेगळं होतं. आमचं भांडण होत नव्हतं, कारण आम्ही एकमेकींना काही सांगतच नव्हतो. भाजी खारट झाली की मामी ताटातलं मीठ कडेला सारायच्या आणि ते मी समजून घ्यायचं. मला माहेरी जावंसं वाटलं की मी प्रवासाची पिशवी झटकून दारात वाळत घालायची आणि ते त्यांनी समजून घ्यायचं. आम्ही सगळंच खाली ठेवत होतो.

ताईंना न्यायला त्यांचे यजमान, हनुमान, संध्याकाळी येणार होते. आले सकाळीच. बाहेर जीपचा हॉर्न वाजला तेव्हा मी मध्यावरचा शेवटचा वेढा पुरा करून दोरा नुकताच तोडला होता. पोपटी तुकड्याची एक बाजू अजून मोकळी होती, ती मामी गाठ मारून बंद करणार होत्या. मी सुई मामींच्या पुढ्यात, गोधडीवर ठेवली. रीतीप्रमाणे. आणि चहा टाकायला आत पळाले. मग जी धांदल उडाली ती उडाली. हनुमान पाव्हण्यांना घाई, लेकरू रडतंय, ताई रडतायत, मामी ओटी भरतायत, मामा शेळ्या दाव्याला बांधतायत. जीप गेली आणि घर एकदम मोकळं झालं.

मला मात्र शिवायची चटक लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी काम उरकल्यावर वाटलं, उरलेल्या चिंध्यांची एखादी आपल्या हातची, एका माणसाला बसायपुरती बसकी करून बघावी. सुयांची पत्र्याची डबी उघडली. बारक्या सुया होत्या. लांब सुई नव्हती.

"मामी, मोठी सुई कुठं ठेवली?"

मामी अंगणात तूर पाखडत होत्या. "म्या कशाला ठेवीन? तू उचलली व्हती की."

"मी तर गोधडीवर ठेवली. तुमच्याम्होरं."

मामींच्या हातातलं सूप थांबलं. "म्या घडी घातली तवा वर सुई नव्हती. मला वाटलं, तूच गाठ मारली अन् सुई घेऊन च्या ठेवायला गेली."

"मला वाटलं तुमी मारली गाठ."

म्हणजे गाठ कुणीच मारली नव्हती. तुकड्याची ती बाजू उघडीच राहिली होती आणि तिच्या तोंडाशी मी सुई ठेवली होती. गोधडी उचलली, दुमडली, दाबून पिशवीत भरली. सुई आत सरकायला आणखी काय लागतं? त्या गोधडीवर सव्वा महिन्याचं लेकरू झोपत होतं. त्या लेकराला कूस बदलता येत नाही. टोचलं तरी ते फक्त रडणार, आणि लहान लेकरू रडलं तर कुणी सुई शोधत नाही, दूध पाजतात.

आम्ही घर पालथं घातलं. चटई झटकली, चूल झाडली, केराची पाटी उपडी करून बोटांनी चाळली. मामांनी खाट उचलून बघितली. मी शिवहारला फोन लावला. तो म्हणाला, "सापडंल कुठंतरी. परवा तुला पोत्यात साप दिसला व्हता, तो दोर निघाला." मागे कुणीतरी हसलं. मी फोन ठेवला. मामी हसल्या नाहीत. त्या अंगणात उकिडव्या बसून मातीवरून तळहात फिरवत होत्या, आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. एरवी मी घाबरले की त्या मला गप्प करतात. आज गप्प करत नव्हत्या. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

ताईंचा फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग मी हनुमान पाव्हण्यांचा नंबर काढला, तर मामींनी माझं मनगट धरलं.

"त्यायला लावू नको."

"काहून?"

"सुई म्हणलं की त्या घरात दुसरंच निघंल." मामी म्हणाल्या. "मोतीबाईला तू वळखत न्हाई. पेमाच्या लेकीचं काय झालं, ठाव हाय ना?"

ठाव होतं. पेमा आमच्या मागच्या आळीतली. तिच्या लेकीच्या उशीत टाचणी सापडली होती. साधी टाचणी, नव्या ब्लाऊजला लावून येते ती. माहेरच्यांनीच करणी केली, असा सासरच्यांनी कालवा केला आणि लेकीला परत पाठवलं. ती अजून इथंच आहे, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. टाचणीनं एवढं झालं. ही तर बोटभर लांब सुई, आणि तीही लेकराच्या अंथरुणात, आजोळहून आलेल्या.

तेव्हा माझ्या भीतीला दोन तोंडं फुटली. फोन करावा तर ताईंचा संसार, न करावा तर लेकराचा जीव. मला ओरडून म्हणायचं होतं, मामी, लोक काय म्हणतील ते मागून बघू! म्हणाले नाही. मी फोन खाली ठेवला. तोही खालीच. पण मी चप्पल घातली. मामींनी माझ्या चपलेकडे बघितलं आणि त्या लुगडं बदलायला आत गेल्या.

बाहेर यायला त्यांनी उशीर लावला. लेकीच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नाही म्हणून त्या शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरत होत्या! माझा इतका संताप झाला की दाराची चौकट धरून उभी राहिले. डब्याचं झाकण त्यांच्या हातानं बसेना. शेवटी मीच दाबून बसवलं.

"म्हणायचं, मधला टाका सुटा राहिला म्हणून आलो," मामींनी वाटेत मला पढवलं. "गोधडी मागून घ्यायची, घरी आणायची, सुई काढायची, परत नेऊन द्यायची. सुईचं नाव काढायचं न्हाई."

"अन् लेकरू त्याच्यावरच झोपलेलं असलं तर?"

मामी भराभर चालायला लागल्या.

जवळ्याचा बाजाराचा दिवस होता. ऑटोवाला गाडी भरल्याशिवाय हलेना. कोंबडीची पाटी घेतलेली बाई आली, सोयाबीनचं पोतं आलं, पोत्याचा मालक आला, तरी हा आणखी एकासाठी हाका मारतोच आहे. मला वाटत होतं, खाली उतरून पळत सुटावं. गाडी निघाली तेव्हा प्रत्येक खड्ड्याला माझ्या डोळ्यांपुढे ती सुई थोडी थोडी वर सरकत होती. आधी धोतराच्या थरातून, मग ओढणीतून, मग लेकराच्या झबल्यातून. मी डोळे मिटले की जास्त स्पष्ट दिसायची. सुई रक्तात शिरली की काळजापर्यंत जाते, असं मी लहानपणी ऐकलं होतं. खरं की खोटं, देव जाणे. मामींना विचारावंसं वाटलं, पण त्यांनी डब्याची कडी इतकी आवळून धरली होती की विचारलं नाही.

ताईंच्या सासूबाई, मोतीबाई, दारातच भेटल्या. उंच, कडक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "अगं बाई, इहीनबाई! न सांगता न सवरता?" म्हणाल्या आणि पाय धुवायला पाणी दिलं. ओसरीवर त्यांचे यजमान किशनराव जुन्या रेडिओत डोकं घालून बसले होते. पूर्वी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान नाही, पण रेडिओ आहेत.

आत ताई झोळीची दोरी हलवत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आणि झोळीच्या कडेतून लाल कापड डोकावत होतं. ताईंच्या लहानपणच्या फ्रॉकचं.

लेकरू गोधडीवरच होतं.

"बरं झालं आलात," मोतीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून आल्यापासून लेकरू गळा काढून राहिलं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. मीठ-मव्हऱ्या उतरल्या, तरी तसंच. आत्ता कुठं डोळा लागला." हे त्या मामींकडे बघत म्हणाल्या, आणि त्यांच्या बघण्यात काहीतरी होतं. नजर लागली, इतकंच नव्हतं. कुणाची लागली, तेही होतं.

मामींनी पाण्याचा घोट घेतला. "इहीनबाई, ती गोधडी... मधला एक टाका सुटा राहिला बघा. म्हणलं घेऊन जावं, नीट करून द्यावं."

"आता झोपलंय लेकरू. उठलं की देते. च्या तरी घ्या."

आणि मामींनी मान डोलावली. खरंच डोलावली, आणि बसल्या चहाची वाट बघत! मी त्यांच्या शेजारी बसले होते. झोळी पुढे जायची, मागे यायची. पुढे गेली की लेकराचं वजन एका अंगावर पडायचं, मागे आली की दुसऱ्या. मी झोळीच्या तळाकडे बघत होते. तिथं कापड ताणलं गेलं होतं आणि लेकराच्या पाठीचा गोल दिसत होता. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. कपबशा वाजल्या. मामी लाडवाचा डबा उघडत होत्या.

लेकरू दचकलं आणि किंचाळलं.

"उचला तिला!" मी उभी राहून ओरडले. "ताई, उचला! गोधडीत सुई हाय!"

ताईंनी लेकरू असं ओढून घेतलं की झोळी भिंतीला आपटली. मोतीबाई आतून चिमटा हातात घेऊन धावत आल्या. ताईंनी लेकराचं झबलं काढलं, लंगोट सोडला, पाठ बघितली, मान बघितली. मांडीवर लाल, सुजलेला ठिपका होता. मी तोंडावर हात दाबला.

"ही लस हाय, वहिनी," ताई म्हणाल्या. "परवा दवाखान्यात टोचली. तिचाच ताप हाय, तिच्यानंच रडती ती." पण म्हणता म्हणता त्या लेकराच्या अंगावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होत्या, बोटं, बगला, तळपाय. दुसरीकडे काही नव्हतं. लेकरू उघडंच त्यांच्या खांद्याला चिकटून हुंदके देत राहिलं.

आता सगळे गोधडीकडे बघत होते. ती झोळीतून अर्धी बाहेर लोंबत होती.

"कसली सुई?" मोतीबाई हळू म्हणाल्या. "कुणी घातली?"

मी म्हणाले होते, सुई आहे. त्यांनी विचारलं, घातली. तो एक शब्द टाळण्यासाठीच मामी घरून लाडू घेऊन आल्या होत्या, त्याच्यासाठीच खोटं पढवून आल्या होत्या, आणि तो शब्द आता घराच्या मध्ये येऊन पडला होता. ताई आपल्या आईकडे बघत नव्हत्या. त्या सासूकडे बघत होत्या.

मामींनी गोधडी जमिनीवर पसरली आणि दाबून बघायला सुरुवात केली. मीही बसले. एवढ्या थरांतून हाताला काही लागेना. मला एक क्षणभर वाटलं, नसेलच सुई. आपण उगीच आलो, उगीच ओरडलो, मी आपली नेहमीसारखी. तसं झालं असतं तर मी आयुष्यभर लोकांचं हसणं ऐकून घेतलं असतं. त्या वेळी मी देवाकडे तेवढंच मागत होते.

किशनराव कधी आत आले ते कळलं नाही. त्यांच्या हातात जुन्या स्पीकरचं काळं लोहचुंबक होतं. ते गुडघ्यावर बसले आणि चुंबक गोधडीवरून फिरवू लागले. कडेनं सुरू केलं, जसं आम्ही शिवलं होतं तसंच, वेढ्या-वेढ्यानं आत. लाल फ्रॉक झाला, खाकी पँट झाली, लुगड्याचा काठ झाला. पोपटी तुकड्यावर आल्यावर त्यांनी हात उचलला, तर गोधडी चुंबकाबरोबर वर उचलली गेली.

मोतीबाई "आई गं" म्हणत मागे सरकल्या.

मी ब्लेड मागितलं. माझे टाके हरभऱ्याएवढे होते म्हणून भराभर सुटले. ओढणी बाजूला केली, धोतराचा एक थर उचलला. सुई तिथं आडवी नव्हती. तिरपी होती, टोक वर करून. टोकाच्या वर तोच एक थर, मग ओढणी, मग लेकराचं झबलं. ती चुंबकाला टचकन चिकटली आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"कुणी घातली ही?" मोतीबाईंनी पुन्हा विचारलं. आता आवाज हळू नव्हता.

"म्या," मामी म्हणाल्या.

"मी," मी म्हणाले.

दोघी एकदमच बोललो. सकाळी घरी आम्ही दोघी 'तू' आणि 'तुमी' म्हणून एकमेकींवर ढकलत होतो.

"एकीनं सांगा. खरं काय ते सांगा."

मामींनी माझा पदर ओढला, गप्प बस म्हणून. पण जे व्हायचं ते होऊन चुकलं होतं. "काकू, कुणी घातली न्हाई. राहिली. आमच्यात सुई हातात देत न्हाईत, भांडण लागतं म्हणून. मी खाली ठेवली, मला वाटलं मामी उचलतील. मामीला वाटलं, मी उचलली. तेवढ्यात पाव्हणे आले, धांदल झाली. तोंडानं कुणी कुणाला इचारलंच न्हाई. आज कळलं तसं पळत आलो. टाका सुटल्याचं खोटं व्हतं. तुमी काय म्हणाल म्हणून भ्यालो."

मोतीबाईंनी नवऱ्याच्या हातातल्या चुंबकावरून सुई काढली, डोळ्याजवळ धरली, टोकाला अंगठा लावून बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला पेमाची लेक दिसत होती, डोक्याला फडकं बांधून खुरपायला निघालेली. ताईंनी लेकराला आणखी घट्ट धरलं.

मग मोतीबाई वाकल्या आणि त्यांनी सुई मामींच्या पुढ्यात ठेवली. जमिनीवर.

ठेवली आणि तशाच वाकून राहिल्या, आपल्याच हाताकडे बघत. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना खाली ठेवायला. हात आपोआपच तिकडे गेला होता.

"आमच्यातबी हातात देत न्हाईत," शेवटी त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. बराच वेळ त्या पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग एकदम कडाडल्या, "अन् असं लपवत काहून यायचं? फोन करायचा न्हाई? तुमचीच नात हाय व्हय ती? आमची न्हाई? तितका येळ लेकरू सुईवर झोळीत हाय, अन् तुमी मला लाडू देऊन राहिल्या!"

मामी रडायला लागल्या, आवाज न करता. मीही रडले. ताई तर कधीच्याच रडत होत्या. किशनरावांनी स्टोव्हवर उतू गेलेला चहा उतरवला.

"शिवून टाका ती आधी," मोतीबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. "अशी उघडी ठेवू नका. लेकराला दुसऱ्या कशावर झोपवू मी?"

ते ऐकून ताईंनी पहिल्यांदा आईकडे बघितलं.

मी सुई उचलून ओवायला घेतली. दोरा नाकात जाईना, मोतीबाईंनी तो तोंडात ओला करून दिला. थर नीट लावले, ओढणी वर घेतली आणि कडेनं टाके घालत आले. या वेळी तांदळाएवढे पडत होते की नाही, ठाऊक नाही. शेवटची बाजू उरली. ती गाठ मामींची. मी सवयीनं सुई गोधडीवर ठेवली.

सगळ्यांची नजर तिच्यावर खिळली. ताईंची, मोतीबाईंची, ओसरीवरून किशनरावांची. पोपटी कापडावर ती जेमतेम दिसत होती. कुणी हलेना. मीच ती घाईघाईनं परत उचलली आणि हातात धरून बसले, कुठं ठेवावी ते कळेना म्हणून.

मामींनी तळहात पुढे केला. चिरा पडलेला, हळदीनं पिवळा.

"हातात दे."

"भांडण लागंल, मामी."

"लागू दे. भांडण दिसतं तरी."

मी सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ मिटली, उघडून एकदा बघितली, आणि मग गाठ मारली.

परतीच्या ऑटोत आम्ही जवळ्याच्या बाहेर पडलो नाही तोच मामी म्हणाल्या, "तुला ठेवताना तोंडानं सांगाया काय झालं व्हतं?"

"तुमाला घडी घालताना हात फिरवून बघाया काय झालं व्हतं?"

"म्हणजे माझीच चूक व्हय?"

"मग माझी एकटीची हाय का?"

ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं. आम्हाला त्याचं काही नव्हतं. सुईवरून पाव्हण्यांच्या जीपवर गेलो, जीपवरून लाडवांवर, लाडवांवरून भाजीतल्या मिठावर. ते मीठ कडेला सारलेलं मला दिसतं, हे मी सांगितलं. दारात वाळत घातलेली पिशवी त्यांना दिसते, हे त्यांनी सांगितलं. समोरच्या बाईनं मध्ये पडून बघितलं, तर दोघींनी मिळून तिला गप्प केलं. माझा घसा बसला, मामींना खोकला आला, पण शिरड येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. सकाळपासूनची भीती कधी गेली, ते मला कळलंच नाही.

उतरताना मामींनी एक पाय खाली टाकला आणि तशाच थांबल्या. "सुई कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं हाय," मी मोठ्यानं म्हणाले.